दाराआडचा फुगा

एलादियो ब्रेन्या या खाजगी गुप्तहेराने आजवर एकही प्रकरण अर्धवट टाकलेलं नव्हतं. मेक्सिको शहरातल्या न्हाव्यांपासून नर्सबायांपर्यंत सगळ्यांना हे पाठ होतं. शनिवारी सकाळी तपकिरी शाईत छापलेला त्याच्या चित्रकथेचा अंक टपरीच्या दोरीवर लटकला, की पावासाठी बाहेर पडलेली माणसं पाव विसरायची. त्याची तिरपी हॅट, त्याचा दुखरा गुडघा, संशयिताच्या घरी जाऊन त्याच्याच कॉफीत तीन चमचे साखर घालून घ्यायची त्याची खोड, हे सगळं लोकांना सख्ख्या मामाबद्दल असावं तितकं ठाऊक होतं. असा माणूस एका छापखान्याच्या माडीवर तिघं मिळून तयार करतात, हे कुणी सांगितलं तर ऐकणाऱ्याला रागच यायचा.

तिघांतले कास्तुलो मास्तर गोष्ट लिहायचे. कुको चित्रं काढायचा. आणि ओर्तेन्सिया, म्हणजे तेन्चा, फुगे भरायची. पात्रांच्या तोंडापुढे जे संवादाचे फुगे असतात ते शाईने गिरवायचे आणि त्यात मास्तरांची वाक्यं टाकाने सुबक अक्षरांत उतरवायची, हे तिचं काम. बारा वर्षं ती हेच करत होती. स्वतःचा शब्द तिने कधी घातला नाही. मास्तर एखादा शब्द गाळायचे तेव्हाही ती टाक खाली ठेवून विचारायची, आणि मास्तर वैतागायचे, "अगं बाई, तुला डोकं देवाने दिलंय ना? घाल काहीतरी." ती घालायची नाही.

तिची एक सवय होती. पान समोर आलं की आधी सगळे फुगे एका दमात गिरवायचे, शाई वाळली की खालची पेन्सिल रबराने खोडून टाकायची, आणि मग मास्तरांचा कागद शेजारी ठेवून पहिल्या चौकटीपासून अक्षरं भरत यायचं. हात ताजा असतो तोवर गोल काढून घ्यावेत, एवढाच त्यातला हिशेब. या सवयीने पुढे जे केलं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं.

चोपन्न सालच्या जानेवारीत मास्तरांनी 'लाल स्वेटरवाली मुलगी' हे प्रकरण सुरू केलं. पहिलं पान हातात आलं आणि तेन्चाने टाक खाली ठेवला. पुढच्या दोन दातांत फट असलेली एकोणीस वर्षांची मुलगी नाचाला जाते आणि परत येत नाही. घरी थोरली बहीण आणि आई. थोरलीचा चष्मासुद्धा कुकोने हुबेहूब तेन्चाचा काढला होता.

"मास्तर, ही माझी आम्पारो आहे," ती म्हणाली.

"तुझी आम्पारो आमच्याही काळजात आहे, म्हणून तर," मास्तर म्हणाले. मग नजर चुकवत, "शनिवारपर्यंत काहीतरी द्यायचं होतं गं. डोकं रिकामं होतं. तूच सांगितलं होतंस ना सगळं."

तिने सांगितलं होतं खरं. तीन वर्षांपूर्वी, धाकटी बहीण आम्पारो नाहीशी झाली त्या महिन्यात, याच टेबलावर कॉफी थंड करत तिने त्या दोघांना सगळं सांगितलं होतं. नाच, स्वेटर, निघतानाचं भांडण. "आता गेलीस तर परत येऊ नकोस" हे आपण बोललो, तेही तिने सांगितलं होतं. फक्त पहाटेचं सांगितलं नव्हतं.

पहाटेचं तिने पाद्रीबाबांनाही सांगितलं नव्हतं. पहाटे चाळीचा मोठा दरवाजा उघडल्यावर आम्पारो परत आली होती. तिने त्यांच्या खोलीच्या दारावर तीनदा टिचकी मारली आणि दाराच्या फटीला तोंड लावून ती म्हणाली, "बगळे, उघड ना. गारठलेय मी." तेन्चाच्या लांब मानेवरून तिला बगळी म्हणायचा हक्क जगात एकट्या आम्पारोला होता. तेन्चा जागी होती. राग अजून गरम होता. उभी राहू दे जरा, म्हणजे अक्कल येईल, असं म्हणून ती गोधडीत पडून राहिली. आई भिंतीकडे तोंड करून झोपलेली होती. सात वाजता दार उघडलं तेव्हा बाहेर कुणी नव्हतं, आणि त्यानंतर आम्पारोला कुणी पाहिलं नाही.

मास्तरांवर चिडून तेन्चा काम सोडून गेली असती, पण आईने गोष्ट धरून ठेवली. आईला लिहितावाचता येत नव्हतं. दर शनिवारी तेन्चा अंक घरी आणायची आणि वाचून दाखवायची. पहिल्याच अंकाला आईने हातातला वाटाणा सोलायचा थांबवला.

"ही आपलीच," ती म्हणाली.

"गोष्ट आहे ती, आई."

"गोष्ट असली म्हणून काय झालं? माणूस कामाचा आहे ना. आजवर एक तरी प्रकरण सोडलंय का त्याने?" मग शेंग पुन्हा हातात घेऊन, "किती आठवडे लागतील गं त्याला?"

तेन्चाला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. उलट पुढच्या पाच आठवड्यांत तिलाच चटक लागली. पान आलं की आधी ती मास्तरांचा कागद चोरून वाचायची. ब्रेन्या बँडवाल्याला भेटला, ट्रामच्या कंडक्टरला भेटला, आणि दर भेटीला तिला वाटायचं की आता हा सांगणार. बत्तीस वर्षांची शहाणी बाई, आपल्याच हाताने त्याच्या तोंडी शब्द घालणारी, आणि त्याच्याच तोंडाकडे आशेने बघणारी. आणि आशेइतकीच तिला भीतीही वाटत होती. हा माणूस सगळ्यांना विचारत विचारत शेवटी थोरल्या बहिणीला विचारणार, आणि ते आईला वाचून दाखवावं लागणार.

सहाव्या आठवड्यात तो तिच्या घरी आलाच. पान गुरुवारी सकाळी हातात आलं. शेवटची मोठी चौकट: खोली, टेबलाशी बसलेली थोरली बहीण, समोर ब्रेन्या, मागे बंद दार. तेन्चाने नेहमीप्रमाणे सगळे फुगे गिरवले, पेन्सिल खोडली आणि कागद घेऊन भरत आली. शेवटच्या चौकटीतले पाच फुगे भरले. कागद संपला. सहावा फुगा उरला. त्याची शेपटी कुणाच्या तोंडाकडे जात नव्हती. ती मागच्या बंद दाराच्या फटीत शिरली होती.

"कुको, हा फुगा कुणाचा?"

"कुठला?"

"दाराबाहेरचा."

कुको उठून आला, त्याने पान उजेडात धरलं. "मी पाच काढले होते."

"इथं सहा आहेत."

"मग तूच गिरवलास की."

"मी पेन्सिलवरूनच गिरवते. पेन्सिल असणार खाली."

"मग दाखव पेन्सिल."

पेन्सिल खोडून झाली होती. तिने मास्तरांना हाक मारली, "मास्तर, दाराबाहेर कोण आहे?"

"कोणी नाही," मास्तर मान न वळवता म्हणाले. "आत दोघंच. तिसऱ्याला बोलवायची ऐपत नाही आपली."

तेन्चाने पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. दोन फटकाऱ्यांचं काम होतं. एवढ्यात खालचा माणूस पानं न्यायला आला आणि जिन्यातूनच ओरडायला लागला, की यंत्र थांबलंय, मालक माझ्या नावाने शंख करतोय. ब्रश बाटलीत होता, हात मोकळा होता. तिने फुग्यावर फुंकर मारली आणि पान तसंच त्याच्या हातात दिलं. का दिलं, ते तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. त्या फुग्यावर पांढरा रंग फासायचा म्हणजे कुणाच्या तरी तोंडावर हात ठेवायचा, असं त्या क्षणी तिला वाटलं, एवढंच.

शनिवारी सकाळी ती गेरेरो वस्तीतल्या ताचोच्या टपरीवर गेली. म्हातारा ताचो अंक विकायचा नाही, भाड्याने वाचायला द्यायचा. दोरीला चिमट्यांनी अंक लावलेले, समोर दोन फळ्या. वीस सेंतावो द्यायचे, फळीवर बसून वाचायचं आणि परत चिमट्याला लावायचं. एकेका अंकाला दुपारपर्यंत तीस माणसांचे हात लागायचे, आणि रिकामी जागा दिसली की त्यातल्या कुणाच्या तरी हाताला खाज सुटायची. ब्रेन्याला मिशा काढणं हा तर वस्तीचा जुना उद्योग होता.

तिने अंक काढला, शेवटचं पान उघडलं. सहावा फुगा भरलेला होता. पेन्सिलीने, घाईत, उजवीकडे चढत जाणाऱ्या अक्षरांत: 'बगळे, उघड ना. गारठलेय मी.'

"हे कुणी लिहिलं, ताचो?"

"मला काय माहीत? सकाळपासून जत्रा आहे इथं. का, चुकीचं आहे का?"

"चुकीचं नाही," ती म्हणाली आणि आपला आवाज तिला लांबून ऐकू आला.

पहिला विचार कुकोचा आला, की त्यानेच चावटपणा केला. पण कुकोला हे शब्द कुठून कळणार? ती बाजारापाशी दुसऱ्या टपरीवर गेली. तिथे निळी शाई होती, शाळकरी पोराचं गोल अक्षर, शब्द तेच. तिसऱ्या टपरीवरच्या अंकात भुवया कोरायच्या काळ्या कांडीने ठसठशीत लिहिलं होतं. चौथ्या टपरीवर 'उघड' मध्ये चूक होती आणि ती खोडून पुन्हा लिहिलेलं होतं. अक्षर हा तेन्चाचा धंदा. एक माणूस चार माणसांची सोंगं घेऊन लिहायला लागला तरी कुठेतरी एका वळणावर सापडतोच. इथे कोणी सापडत नव्हतं. चार टपऱ्यांवर चार अनोळखी माणसं शनिवारी सकाळी फळीवर बसली, त्यांनी रिकामा फुगा पाहिला आणि त्यांना एकच गोष्ट सुचली. आणि लिहून, अंक चिमट्याला लावून, ती आपापल्या कामाला निघून गेली. ऊन चांगलं तापलं होतं तरी तिने शाल गळ्याभोवती घट्ट ओढली.

घरी तिने आईला कोरा अंक वाचून दाखवला. शेवटच्या चौकटीत पाच फुगे वाचले आणि पान मिटलं.

"एवढंच?" आईने विचारलं.

"एवढंच."

आईने अंक मागून घेतला, मांडीवर ठेवला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

मंगळवारी टपालाचं पोतं आलं. ब्रेन्याला पत्रं यायची. नवरा कुठे जातो ते शोधून द्या, चोरीला गेलेली कोंबडी शोधून द्या, असल्या विनंत्या असायच्या आणि मास्तर त्यांना ब्रेन्याच्या नावाने ऐटीत उत्तरं द्यायचे. त्या दिवशी मास्तर एकेक पत्र फोडत होते आणि हसत होते. मग त्यांचं हसू थांबलं.

"ही बगळी कोण रे?"

"कोण बगळी?" कुकोने विचारलं.

"तेच विचारतोय. हे बघ, पुएब्लाहून. 'बगळी दार का उघडत नाही?' हे तोर्रेओनचं. 'त्या बगळीला सांगा, पोरगी बाहेर कुडकुडतेय.' हे तिसरं, मठातल्या नन आहेत या, आणि त्यासुद्धा तेच विचारतायत. चौदा पत्रं आहेत. आपण बगळी असा शब्द कधी छापला तरी का?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तेन्चा, तू काही लिहिलंस का त्यात?"

"मी स्वतःचं कधी लिहीत नाही."

"तेही खरं." मास्तरांचा चेहरा हळूहळू उजळला. धंदा त्यांच्या रक्तात होता, भीतीवरसुद्धा ते दोन अंक चालवू शकत होते. "पण झकास आहे हे. पुढच्या अंकात मी दार उघडतोच. ब्रेन्या उठतो, कडी काढतो. बाहेर कोण ठेवू? सांग, तुझी बहीण आहे, तू म्हणशील ते."

"नका उघडू."

"अगं, लोक वाट बघतायत."

"मास्तर, पाया पडते तुमच्या. नका उघडू." तिने टाक न धुताच ठेवला, शाल उचलली आणि ती जिना उतरली. बारा वर्षांत ती पहिल्यांदा चारच्या आत घरी निघाली होती.

चाळीच्या अंगणात ऊन होतं, बायका हौदावर धुणी आपटत होत्या. शेजारच्या एल्विराबाईने तिला पाहिलं आणि नेहमीसारखं काही खवचट न बोलता नुसती मान खाली घातली. तेन्चा वरच्या मजल्यावर आली. खोलीचं दार बंद होतं. दिवसा ते कधी बंद नसायचं. तिने ढकललं, आत गेली, आणि आई म्हणाली, "लाव ते पुन्हा. कडी घाल."

आई पलंगावर बसली होती, मांडीवर अंक शेवटच्या पानावर उघडा.

"सकाळी एल्विराकडून वाचून घेतला," आई म्हणाली. "मग कोळसेवाला आला, त्याच्याकडून घेतला. तो तर एकेक अक्षर लावून वाचतो, घामाघूम झाला बिचारा. दोघांनी सहा फुगे वाचले. तू पाच वाचलेस."

तेन्चाने अंक घेतला. तिच्याच घरचा अंक, कुणी पेन्सिल न लावलेला. दाराआडचा फुगा पांढरा स्वच्छ होता.

"आई, इथं काही लिहिलेलं नाही."

"ते मलाही दिसतं. वाचता येत नसलं तरी काळंपांढरं कळतं. बारा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर अक्षरं गिरवतेस तू." आईचा आवाज चढलेला नव्हता. "त्या दोघांनी वाचलं. आता तू वाच."

"कशाला, आई?"

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

तेन्चा पलंगासमोर उभी राहिली. शाळेत धडा येत नसलेल्या मुलीसारखं तिने पान दोन्ही हातांत धरलं. खोटं बोलता आलं असतं. फुग्यात काहीही मावलं असतं, मी सुखात आहे, मी उत्तरेला आहे, लग्न झालंय माझं. आई कदाचित ते धरूनही बसली असती. तिने पानाकडे पाहिलं, आणि पान कोरं असूनही ती जे वाचत होती ते दुसरं काही होऊच शकत नव्हतं.

"'बगळे,'" ती म्हणाली, "'उघड ना. गारठलेय मी.'"

आईने डोळे मिटले.

"मी जागी होते, आई," तेन्चा म्हणाली. आता थांबणं शक्य नव्हतं. "तीनदा वाजवलं तिने. मी ऐकलं. मी उठले नाही. मला वाटलं, जरा उभी राहू दे." आणि मग ती रडली, तीन वर्षांचं एकदम, नाक ओढत, कसलीही लाज न ठेवता.

आईने तिला जवळ घेतलं नाही. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मीही जागी होते."

तेन्चाने वर पाहिलं.

"भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं, तू उठशील. मग वाटलं, तू उठत नाहीस तर मी का उठू, माझाही अपमान केला होता तिने. हलले नाही, तुला कळू नये म्हणून." आईने हातावरून हात फिरवला. "तीन वर्षं मी तुझ्या श्वासावरून ओळखत आले, तू कधी जागी असतेस ते. त्या पहाटेही ओळखलं होतं."

तेन्चाला धक्का बसला तो दुःखाचा नव्हता. ती घाबरली. एका खोलीत तीन वर्षं दोघी हातभर अंतरावर झोपल्या होत्या आणि दोघी तेच लपवत होत्या. आणि एवढ्या मोठ्या शहरात ते ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्या फक्त या दोघीच उरल्या होत्या.

"एक विचारू?" आई म्हणाली. आता तिचा आवाज लहान झाला होता. "ती बोलली ते ऐकलंस ना तू. मग ती गेलेली ऐकलीस का? इथल्या फळ्या केवढ्या वाजतात. मांजर गेलं तरी कळतं. मी सात वाजेपर्यंत कान लावून पडले होते, की आता पावलं वाजतील, आता जिना वाजेल. तू ऐकलीस का तिची पावलं?"

तेन्चाने आठवून पाहिलं. टिचकी आठवली, आवाज आठवला, फटीतून येणारा गार वारा आठवला. त्यानंतर काहीच नव्हतं. तीन वर्षं तिने ती पहाट हजार वेळा उलटीपालटी करून पाहिली होती आणि हे एकदाही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

खाली हौदावरच्या बायका गप्प झाल्या होत्या. दोघी दाराकडे बघत राहिल्या.

"ऊठ तेन्चा," आई म्हणाली. "उघड."

तेन्चा उभीच होती, तरी तिला उठावं लागलं असंच वाटलं. तिने कडी काढली आणि दार पुरतं उघडलं. बाहेर गॅलरी होती, वाळत घातलेल्या चादरी होत्या, चार वाजताचं ऊन होतं. त्या उन्हातून गार हवेचा एक झोत तिच्या अंगाला घासून आत आला आणि पलंगाकडे गेला. मागे पलंगाची लाकडं करकरली. तेन्चा वळली तेव्हा आई भिंतीकडे सरकली होती आणि गोधडीचं टोक उचलून तिने शेजारी एका माणसापुरती जागा केली होती.